गोळी लहान, संकोच मोठा

सकाळच्या न्याहारीनंतर रक्तदाबाची गोळी घेताना आपल्याला लाज वाटते का? पक्षाघात टळावा म्हणून घ्यावयाचे ते औषध आपण सर्वांदेखत टेबलावर ठेवतो. एचआयव्हीची बाधा होऊ नये म्हणून घ्यावयाची अशीच एक गोळी आहे. ती घेणारा मुलगा वा नातू मात्र तिची बाटली कपड्यांच्या घडीखाली दडवतो. म्हणून हा विषय मुद्दाम ज्येष्ठांपुढे मांडत आहे.

या उपायाला ‘प्रेप’ म्हणतात. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन या दोन औषधांची ही एकत्रित गोळी. अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, लक्षणीय धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. सांगितल्याप्रमाणे घेतल्यास शरीरसंबंधांतून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो. मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः समलैंगिक पुरुषांवरील पहिल्या मोठ्या अभ्यासात एकूण संरक्षण ४४ टक्केच दिसले. कारण उघड होते: अनेकांनी गोळी नियमित घेतलीच नव्हती. ज्यांच्या रक्तात औषध आढळले, त्यांना पुष्कळ अधिक संरक्षण लाभले.

मग माणूस ती का घेत नाही? दवाखान्यात असा प्रश्न घेऊन येणारा पुरुष बहुधा गर्दी ओसरेपर्यंत थांबतो आणि ‘मित्रासाठी विचारतो आहे’ अशी सुरुवात करतो. त्या एका वाक्यात सारे अडसर सामावलेले असतात. गोळी मागणे म्हणजे आपण समलैंगिक आहोत हे दुसऱ्यासमोर, कधी कधी प्रथमच स्वतःसमोरही, मान्य करणे. त्यातच हीच औषधे एचआयव्हीच्या उपचारांतही वापरली जातात. बाटली कोणाच्या हाती लागली, तर ‘याला तो रोग झाला’ असा समज होईल, ही धास्ती. जोडीदाराला वाटेल, याचा माझ्यावर विश्वास नाही. मित्र म्हणतील, हा स्वैर वागतो. आणि ‘मी काही तसा नाही, मला काय होणार?’ ही मनाची समजूत तर सर्वांत सोयीची.

हा संकोच आपल्याला अपरिचित नाही. क्षयाचे नाव घरात कुजबुजत घेतले जाई, औषधे शेजाऱ्यांपासून लपवली जात, तो काळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. लपवण्यापायी उपचार अर्धवट राहत आणि रोग बळावत असे. येथेही तेच घडते. घरी पाहुणे आले की गोळी चुकते. चार वेळा चुकली की संरक्षण ढासळते.

समलैंगिकता हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तिला रोगांच्या यादीतून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. घरातील नजर बदलणे मात्र आपल्याच हाती आहे.

अशी बाटली दिसली, तर चौकशीचा भडिमार करू नका, नातेवाइकांत वाच्यता तर मुळीच नको. ‘तब्येतीची काळजी घेतोस, बरे वाटले’ एवढेच म्हणा. तो बोलू लागला, तर मध्येच उपदेश न करता ऐकून घ्या.

वैद्यकीय पथ्येही त्याला ठाऊक असावीत. ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. आधी एचआयव्हीची, मूत्रपिंडाची व हिपॅटायटिस बीची तपासणी करावी. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी करावी. सुरुवातीची मळमळ वा डोकेदुखी बहुधा काही आठवड्यांत शमते. गुप्तरोगांपासून ही गोळी वाचवत नाही, म्हणून निरोधही वापरावा. ओळखीच्या डॉक्टरांकडे जाणे अवघड वाटत असेल, तर १०९७ या शासकीय निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

रोज गोळी घेण्याची शिस्त आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार? आपल्या गोळ्यांच्या डबीशेजारी त्याच्या बाटलीलाही निःशंकपणे जागा मिळाली, तर त्याची एकही गोळी लपवण्यापायी चुकणार नाही.