घटक ५ : अबोल नायक आणि अगत्यशील शेजारी – मराठी विनोदी कथेतील एक संघर्ष

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• अबोल नायक आणि शेजारी यांच्या संघर्षातून विनोद कसा निर्माण होतो, ते सांगता येईल.
• या विनोदामागील मराठी भाषेची वैशिष्ट्ये ओळखता येतील.
• हसणे आणि हिणवणे यांतील फरक स्पष्ट करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे प्रकार पाहिले. या घटकात स्वभावनिष्ठ विनोदाच्या एका परिचित जोडीचा विचार करावयाचा आहे. एकीकडे चार घटका एकटे बसू इच्छिणारा माणूस, दुसरीकडे त्याला एकटे बसू न देणारा शेजारी. नोकरी आणि संसार सांभाळून घरीच अभ्यास करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हा विषय पुस्तकाबाहेरही भेटला असेल.

या जोडीतील शेजारी दुष्ट असता, तर कथा विनोदी झाली नसती. दुष्टाला दार लावून घेता येते. येथील शेजारी प्रेमळ आहे, हीच नायकाची अडचण आहे. शेजाऱ्याचे आक्रमण आणि त्याचे अगत्य एकाच वाक्यातून प्रकट होतात. त्यामुळे त्याला नकार देण्यासाठी नायकाजवळ भाषाच उरत नाही. या घटकाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

५.२ अबोल माणसासाठी मराठीतील शब्द

'अंतर्मुख' हा शब्द मराठीत जुना आहे. तथापि परमार्थविचारात तो चित्त आत वळल्याची प्रशंसा करतो. स्वभावाचा एक प्रकार या अर्थाने तो आज वापरला जातो, त्यामागे कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेली अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी आहे. बोलीतील शब्द मात्र निराळे आहेत : घुमा, एकलकोंडा, मुखदुर्बळ, माणूसघाणा. 'अबोल' आणि 'मितभाषी' हे दोन सौम्य शब्द वगळल्यास बहुतेक शब्दांत आरोप आहे. एकांत आवडणाऱ्याला माणसांची घाण वाटते, असे 'माणूसघाणा' हा शब्द परस्पर ठरवून टाकतो.

'भिडस्त' हा शब्द अधिक सूक्ष्म आहे. भिडस्त माणसाला नकार द्यावयाचा असतो, पण भीड मोडवत नाही. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण त्याला सावध करते, तरीही तो सावध होत नाही. आपल्या विनोदी कथेचा नायक प्रायः हाच असतो. शेजाऱ्यासाठीही भाषेने 'भोचक', 'आगाऊ', 'लुडबुड्या' असे शब्द घडविले आहेत. परंतु ते त्याच्या पाठीमागे वापरावयाचे असतात. समोर तो 'काका', 'अण्णा' किंवा 'वहिनी' असतो. नाते लावून हाक मारलेल्या माणसाला परका म्हणता येत नाही.

५.३ परंपरेतील स्थान

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या 'सुदाम्याचे पोहे' मधील सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या या त्रयीपासून मराठी विनोदाला मित्रमंडळींच्या गोतावळ्याची सवय आहे. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव हा भिडस्त मध्यमवर्गीय नायकाचा ठळक नमुना होय. तो स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. प्रथमपुरुषी निवेदनामुळे वाचक त्याला हसतो आणि त्याच्या बाजूनेही उभा राहतो.

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील 'उपास' या प्रकरणात ही रचना पूर्णत्वास जाते. वजन कमी करण्याचा निवेदकाचा संकल्प मूलतः खाजगी आहे. चाळ तो सार्वजनिक करते. कोणी एक पदार्थ सोडावयास सांगतो, कोणी दुसराच. सल्ला परस्परविरोधी असला, तरी तो देण्याचा हक्क सर्वांना समान आहे. 'हसवणूक' मधील 'मी आणि माझा शत्रुपक्ष' या लेखात नवे घर दाखविणारे, छायाचित्रे दाखविणारे यजमान भेटतात. तेथे आग्रही आपुलकीलाच 'शत्रुपक्ष' म्हटले आहे. 'असा मी असामी' मधील धोंडो भिकाजी जोशी हाही इतरांच्या उत्साहामागे फरफटत जाणारा नायक आहे.

५.४ नमुना प्रसंग

हा संघर्ष केवळ मुंबईच्या चाळीचा नव्हे. चाळीत कोकणातून आलेली माणसे मोठ्या संख्येने राहिली आणि वाडीतील वागण्याच्या रीती त्यांच्याबरोबर तेथे आल्या. म्हणून विश्लेषणासाठी आपण प्रसंग वाडीतलाच घेऊ. तो या घटकासाठी रचलेला, काल्पनिक आहे. स्थळ रायगडाच्या पायथ्याचे पाचाड. जिजामातांचा वाडा आणि समाधी यांमुळे गावात बाहेरच्या माणसांची ये-जा नित्याची. परंतु ती गडाकडे जाऊन परत फिरणारी. येथे बदली होऊन राहिलेला शिक्षक हा मात्र वाडीच्या हक्काचा माणूस.

परीक्षा जवळ आलेली. रविवारी दुपारी गुरुजींनी पुस्तक उघडले आणि प्रथमच दाराला आतून कडी घातली. पावसाळ्याच्या ऐन भरातही वाडीत दिवसा दार लागत नसे. पाच मिनिटांत पडवीत चाहूल लागली.

"गुरुजी, बरं नाही का?"
"बरा आहे, अण्णा. वाचत होतो."
"मग दार का लावलंत?"
गुरुजींना उत्तर सुचले नाही. उत्तर नसणे हे तापाचे लक्षण समजून अण्णा घरी गेले व काकूंना घेऊन आले. काकूंनी आल्याचा काढा आणला. काढा कोणासाठी, हे विचारीत पलीकडच्या वहिनी आल्या. विरजण मागावयास आलेली त्यांची मुलगी विरजण विसरून तेथेच थांबली.
"खरंच काही झालेलं नाही," गुरुजी म्हणाले. "परीक्षा आहे. थोडा वेळ एकटा बसणार होतो."
"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" अण्णांनी सर्वांना हाताने खाली बसविले. "कुणी बोलू नका रे. आपण सगळे गप्प बसू. वाचा गुरुजी तुम्ही."
आणि सहा माणसे गुरुजींकडे पाहत निःशब्द बसून राहिली. गुरुजींनी पान उलटले, तेव्हा काकूंनी समाधानाने मान डोलावली.
तासाभराने अण्णा उठले. भिडेपोटी गुरुजींच्या तोंडून निघून गेले, "बसा ना, घाई काय आहे?"
अण्णा पुन्हा बसले.

५.५ भाषिक विश्लेषण

(अ) चौकशी ही माहितीसाठी नसते. "काय, वाचत बसलात?" असे विचारणाऱ्यास तुम्ही वाचीत आहात हे दिसत असते. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याकडे लक्ष वेधले. त्याचा हेतू माहिती देणे-घेणे हा नसून माणसामाणसांतील संबंध जागता ठेवणे हा असतो. 'जेवलात का?', 'कुठे निघालात?' हे प्रश्न याच वर्गातले. अबोल नायक मात्र प्रश्नाला प्रश्न समजून खरे उत्तर शोधतो. 'दार का लावलंत?' या प्रश्नापाशी गुरुजी अडतात, ते यामुळेच.

(आ) समावेशक 'आपण'. श्रोत्याला वगळणारे 'आम्ही' आणि श्रोत्याला सामावून घेणारे 'आपण' असा भेद मराठीत आहे. गुजरातीत आणि तमिळ-तेलुगू या द्राविडी भाषांतही तो आढळतो. हिंदीतील 'हम' मात्र दोन्ही कामे करतो. अण्णा "आम्ही गप्प बसतो" असे म्हणते, तर ते उठून जाण्याची शक्यता उरली असती. "आपण सगळे गप्प बसू" म्हणताच गुरुजींचा एकांत हा सामुदायिक कार्यक्रम होतो. शेजाऱ्याचे सर्वांत मोठे शस्त्र हे सर्वनामच होय. पाठ्यपुस्तकाचा लेखकही 'आपण पाहू' असे म्हणत तुमच्या घरात येऊन बसतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

(इ) निरोपाचे शिष्टाचार. मराठीत जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. म्हणजे त्याच्या जाण्यातच पुन्हा येण्याचे आश्वासन असते. यजमानानेही 'बसा ना' म्हणावयाचे असते. हे औपचारिक वाक्य शब्दशः घेतले गेले, की विनोद घडतो. प्रथम गुरुजींनी औपचारिक प्रश्न खरा मानला. शेवटी अण्णांनी औपचारिक आग्रह खरा मानला. प्रसंगाचा तोल या दोन गैरसमजांवर उभा आहे.

(ई) दोन गरजांचा पेच. ब्राउन आणि लेव्हिन्सन या अभ्यासकांच्या मते (१९७८) प्रत्येक माणसाच्या दोन गरजा असतात : आपल्याला जवळचे मानले जावे ही एक, आणि आपल्या मोकळिकीत कोणी आड येऊ नये ही दुसरी. सभ्य भाषा या दोन्ही गरजा सांभाळते. वाडीची सभ्यता पहिल्या गरजेला प्राधान्य देते, तर नायकाला दुसरी अधिक महत्त्वाची वाटते. दोघेही सभ्यपणेच वागत असतात. म्हणून दोघांपैकी कोणालाही दोष देता येत नाही.

५.६ हसणे आणि हिणवणे

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात म्हटले, की हसताना भावना काही काळ बधिर व्हावी लागते. ज्याची कीव येते त्याला हसता येत नाही. मराठीतील शेजारविनोद या सिद्धान्ताला पुरतेपणी मानत नाही. 'बटाट्याची चाळ' चा शेवट 'चिंतन' या गंभीर प्रकरणाने होतो, आणि ज्यांना हसलो त्यांच्याविषयीची माया तेथे उघड होते.

या मायेला वास्तवाचा आधार आहे. पाचाड ज्या तालुक्यात आहे, त्या महाड तालुक्याने २००५ च्या जुलैमध्ये दरडी पाहिल्या. २०२१ च्या जुलैमध्ये महाड शहरात सावित्रीचा पूर शिरला आणि तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी 'या घरात कोण कोण होते?' हा पहिला प्रश्न असतो, आणि एरवी नको इतकी चौकशी करणाऱ्या शेजाऱ्याजवळ त्याचे उत्तर असू शकते. जे बंद दार पाहून अण्णा धावत आले, ते प्रत्येक वेळी परीक्षेसाठीच बंद असेल असे नाही.

याचा अर्थ गुरुजींचे चुकले, असा नव्हे. पुस्तक वाचण्यासाठी लागणारा एकांत ही चैन नसून गरज आहे. घरकाम आटोपून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या गृहिणीला हे सांगावे लागत नाही. शेजाऱ्याला केवळ मूर्ख आणि अबोल माणसाला केवळ माणूसघाणा ठरविणारी कथा हिणवते. दोघांचीही बाजू खरी ठेवून त्यांना एका पडवीत बसविणारी कथा हसविते. विनोदी कथेचे मूल्यमापन करताना हा निकष वापरावा.

५.७ सारांश

अबोल नायक आणि शेजारी यांच्या संघर्षाचे मूळ दोन भिन्न गरजांत आहे. संबंध जपणारी चौकशी, समावेशक 'आपण' आणि निरोपाचे शिष्टाचार यांमुळे मराठीत हा संघर्ष विशेष रंगतो. नकाराची भाषा न सापडणे हे त्यातील विनोदाचे बीज होय. आणि दोन्ही पात्रांविषयीची आस्था ही अशा विनोदाची कसोटी होय.

५.८ स्वाध्याय

१. 'आम्ही' आणि 'आपण' यांतील फरक नमुना प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'उपास' या प्रकरणातील खाजगी संकल्प सार्वजनिक कसा होतो, ते सोदाहरण लिहा.
३. नमुना प्रसंग अण्णांच्या प्रथमपुरुषी निवेदनातून १५० शब्दांत लिहा. लिहून झाल्यावर आता आपण कोणाला हसतो, याविषयी दोन वाक्यांत मत नोंदवा.
४. तुमच्या परिसरात नकार न दुखविता देण्यासाठी कोणती वाक्ये वापरली जातात? अशी पाच वाक्ये मिळवा. त्यासाठी शेजाऱ्यांकडे चौकशी करण्यास हरकत नाही.