गाडी नको, लोकल पुरे: केळवे

मुंबईकरांनो, समुद्र म्हटलं की अलिबागच का? 2013 पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. वाटेत सफाळ्यानंतर केळवे रोड. स्टेशनाबाहेर केळव्याच्या किनाऱ्याकडे जाणारी शेअर रिक्षा मिळते. ती वाड्यांमधून, पानवेलींच्या मांडवांशेजारून जाते. मला तर किनाऱ्याइतकाच हा रस्ता आवडतो. पुढे शीतलादेवीचं देऊळ, तळं आणि सुरूचं बन. त्या बनात वाळूत रुतलेला छोटा पोर्तुगीज किल्ला आहे, तो बघाच.

विरारच्या पुढे लोकल मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. ओहोटीला पाणी बरंच आत जातं. पाय भिजवायचे असतील तर भरतीचं गणित जमवा. रविवारी गर्दी असते, जमल्यास मधल्या वारी जा.