आधी आंबटपणा विचारा

वाइन चाखण्याचा विषय निघाला की आपल्याकडे आधी चेष्टा सुचते. पेला फिरवायचा, त्यात नाक खुपसायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि वर थुंकून टाकायचा! तरी बारामती-इंदापूरच्या आसपास, म्हणजे दौंड तालुक्यातल्या रोटीत फोर सीझन्स आणि नीरेपलीकडे अकलूजकडे फ्रातेल्ली या वायनरींत हे सगळं चालतं, आणि ते नीट केलं तर पेल्यातून शेती कळते. मात्र वासात कोणतं फळ सापडतं हे नंतर बघावं. आधी आंबटपणा बघावा. याचं कारण छाटणीत आहे. इथला वेल वर्षातून दोनदा छाटतात, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे काढणी येते साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात द्राक्ष पिकताना हवा थंडावत जाते. इथे फेब्रुवारी सरकेल तसं ऊन चढतं. साखर भराभर भरते, मॅलिक आम्ल तितक्याच घाईनं उतरतं, पण साल आणि बी पक्व व्हायला आपला वेळ घेतात. नुसता ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, बघून लवकर खुडलं तर शिराझसारख्या लाल वाइनमध्ये बियांचा हिरवा तुरटपणा हिरड्यांना ओढून धरतो. फार थांबलं तर वाइन जड, सपाट होते. खाण्याच्या द्राक्षांवर तयार झालेली नजर इथे फसते. इंदापूरच्या बागायतदाराला मणी मोठा, पातळ सालीचा हवा असतो. वाइनला मणी बारीक, बियांचा आणि जाड सालीचा लागतो, कारण रंग सालीत आणि तुरटपणा साल-बियांत असतो.

यावर कुणी म्हणेल, आम्ल तर वायनरीत वरूनही घालतात. घालतातच, उष्ण मुलखात टार्टारिक आम्ल घालणं नेहमीचं आहे आणि त्यात लबाडी नाही. पण त्यानं कच्ची बी पिकत नाही, म्हणून आंबटपणा आणि तुरटपणा एकत्रच तपासायचे. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. बोर्दोच्या संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळला, तर वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. मग चाखणं हे निव्वळ सोंग ठरतं का? माझ्या मते, त्या प्रयोगानं वासाच्या शब्दांवर डोळ्याचा किती ताबा असतो ते दाखवलं. जीभही भुलतेच, म्हणून बाटली झाकून चाखावं. थुंकण्याला हसणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं की चार-पाच घोट पोटात गेले की सगळ्याच वाइन बऱ्या लागू लागतात, आणि चाखण्याच्या खोलीला लागूनच विक्रीचं काउंटर असतं. तिथे ‘यात पेरूचा वास येतोय ना?’ असं विचारलं की तो यायलाच लागतो. त्यापेक्षा पाहुण्यानं काढणीची तारीख विचारावी, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या तारखांना खुडलेली एकच शेनिन ब्लां शेजारी शेजारी ओतून मागावी.