गुरू निवडणारी बहिणाबाई
(लेखमाला : अभंगातल्या बाया – भाग ५)

मागच्या भागात जनाबाई पाहिली. आज संत बहिणाबाई. जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. त्या दोन-अडीचशे वर्षांनंतरच्या. आपल्या वरवे बुद्रुकात काय किंवा भोर-वेल्ह्यातल्या कुठल्याही गावात काय, हरिपाठाला बसणाऱ्या बायकांना तुकोबांचे अभंग तोंडपाठ असतात. त्याच तुकोबांना गुरू मानले म्हणून एका बाईने काय सोसले, हे मात्र क्वचितच कुणी सांगते.

१६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी, कुलकर्ण्यांच्या घरी तिचा जन्म झाला. बालपणीच लग्न. नवरा शिऊरचे गंगाधर पाठक, बिजवर, वय तीस. भाऊबंदकी आणि कर्जापायी कुटुंब गाव सोडून निघाले आणि भटकत कोल्हापूरला येऊन थांबले.

तिथे दानात आलेल्या गाईचे वासरू बहिणाबाईच्या मागे मागे फिरू लागले. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते येई. एकदा गर्दीत त्याला बाहेर काढले, तेव्हा ते हंबरत राहिले. स्वामींनी आत आणवून त्याच्या आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. गावात बोलबाला झाला. नवऱ्याच्या कानावर गेले आणि त्याने तिला वेणीला धरून मारले. तिचे वय अवघे अकराच्या आसपास. हे सारे तिने ‘आत्मनिवेदना’त स्वतः सांगितले आहे. पुढे ते वासरू दगावले. तुकोबांचे अभंग मनात घोळत होते आणि त्यांनीच स्वप्नात येऊन तिला उपदेश केला.

ब्राह्मण बाईने शूद्राला गुरू करायचे, तेही नवऱ्याला न विचारता! गंगाधरपंत घर सोडून निघाले होते; पण आजारी पडले, पस्तावले आणि पुढे स्वतःच तिला घेऊन देहूला गेले. तिथे मंबाजी नावाचा ब्राह्मण आडवा आला. ब्राह्मण कुणब्याच्या पाया पडतात, ही त्याची तक्रार पुण्यापर्यंत गेली. तुकोबांच्या हयातीतल्या देहूची प्रत्यक्ष पाहिलेली हकीगत आपल्याला मिळते, ती या बाईमुळे.

त्याच काळात अमेरिकेत अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट ही प्युरिटन कवयित्री लिहीत होती. तिचे पुस्तक १६५० साली लंडनला निघाले, तेव्हा मेव्हण्याला प्रस्तावनेत हमी द्यावी लागली की हिने कविता झोपेतून वेळ काढून केल्या, घरकाम चुकवून नाही. बहिणाबाईसाठी अशी हमी देणारे कुणी नव्हते.

तिने पतिव्रताधर्मावरही अभंग रचले आणि ते मनापासून रचले. काहींना ते खटकतात, काही जण तेवढेच उचलतात. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात. संसार तिने सोडला नाही. गुरू कोण, हे मात्र तिने स्वतः ठरवले. जन्माने ब्राह्मण ठरतो का, हा प्रश्न विचारणारी ‘वज्रसूची’ तिने मराठीत आणली, तीही याच श्रद्धेतून. तिच्या लेखी देव आणि हा प्रश्न वेगळे नव्हते.

१७०० साली शिऊरला तिने देह ठेवला. तिच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२९ सालीच केले. मराठी वाचकाने तरी मागे का राहावे? येत्या एकादशीला भजनाआधी अर्धा तास ‘आत्मनिवेदन’ मोठ्याने वाचा आणि मारहाणीचे अभंग गाळू नका.