खासबागेचे मैदान आणि नळाचे पाणी

आपल्या करवीर नगरीस कुस्तीचे आणि फुटबॉलचे किती वेड आहे, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. पेठेपेठेत तालीम आहे. सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमकडे माणसांचा लोट चाललेला असतो. अशा गावात आणखी एखादे भव्य क्रीडागार व्हावे असे कोणी म्हटले, तर टाळ्या पडावयाच्याच. परंतु तो पैसा कोठून येतो आणि त्याच पैशावर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न त्या टाळ्यांत सहसा ऐकू येत नाही.

महानगरपालिकेची तिजोरी म्हणजे अक्षय्य पात्र नव्हे. घरफाळा, पाणीपट्टी, परवान्यांचे शुल्क आणि शासनाची अनुदाने एवढीच काय ती तिची मुख्य मिळकत. त्यातून प्रथम सेवकांचे पगार, पाणी उपसण्याच्या पंपांची वीज, कचऱ्याच्या गाड्या हे भागवावे लागते. उरेल त्यातून नवी कामे.

या खर्चाचा क्रम कायद्यानेच लावून दिला आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत : पाणीपुरवठा, गटारे, रस्त्यांची झाडलोट व दिवाबत्ती, रोगराईस प्रतिबंध इत्यादी. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये येतात. त्यांत बागा, क्रीडांगणे, पोहण्याचे तलाव यांसारख्या गोष्टी आहेत. ऐच्छिक म्हणजे निरुपयोगी, असा अर्थ मात्र कोणी करू नये. ज्या पेठेत मुलांना धावावयास मोकळी जागा नाही, तेथील मुलांचे काय होते हे पालकांस ठाऊकच आहे. कायदा एवढेच म्हणतो की आधी घरात पाणी, मग अंगणात खेळ.

व्यवहारात हा क्रम पुष्कळदा उलटतो, आणि त्याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. क्रीडागार डोळ्यांस दिसते. त्याची कोनशिला बसवता येते, उद्घाटनास बँड लावता येतो. मैलापाण्याची नळी जमिनीत पुरली की तिच्यावरून चालणारासही तिची आठवण राहत नाही. ती फुटली म्हणजे मात्र सर्वांनाच तिची आठवण होते!

कॅनडातील माँट्रियल शहराची गोष्ट या संबंधात मोठी बोधप्रद आहे. १९७६ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी तेथे प्रचंड क्रीडागार उभारले. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, आणि पुढे तंबाखूवर खास कर बसवून ते कर्ज फेडावे लागले. ते फिटले २००६ साली. म्हणजे सामन्यांच्या वर्षी जे मूल पाच वर्षांचे होते, ते पस्तिशीला आले तेव्हा कोठे हिशेब मिटला.

याउलट आपले खासबागेचे मैदान पाहा. सन १९०२ मध्ये छत्रपती शाहू महाराज विलायतेस गेले होते. त्या प्रवासात रोम येथील पुरातन लंबवर्तुळाकार क्रीडागार पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली, असे सांगतात. १९१२ साली मैदान खुले झाले. वर छप्पर नाही, मध्ये खांब नाहीत. भोवतालचा उतार हेच बसावयाचे स्थान, त्यामुळे शेवटच्या माणसासही आखाड्यातील माती दिसते. असे मैदान राखावयासही मोठा खर्च येऊ नये, आणि शंभराहून अधिक वर्षे ते कुस्तीच्या कामी आले आहे. याच काळात महाराजांनी राधानगरीस भोगावतीवर धरणाचे काम काढले होते, हे विसरू नये. मैदान पाच-सात वर्षांत झाले; धरण मात्र १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही अपुरेच होते. पाण्याचे काम असेच लांबते. खुद्द रोमनेही पहिला जमिनीखालील पाट इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये बांधला, आणि ते प्रसिद्ध क्रीडागार इसवी सन ८० मध्ये, म्हणजे जवळजवळ चार शतकांनी, उघडले.

आता अलीकडची गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेस महापूर आला. नदीकाठची उपसा केंद्रे पाण्यात बुडाली, आणि चोहीकडे पाणीच पाणी असता नळ कोरडे पडले. लोक घागरी घेऊन टँकरची वाट पाहत उभे राहिले. काळम्मावाडी धरणातून थेट नळाने पाणी आणावे ही शहराची मागणी त्याआधीपासूनच कित्येक वर्षांची होती. सुमारे ५० किलोमीटरहून लांब असलेल्या त्या नळातून शहरास पाणी मिळाले ते २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास. योजना झाली म्हणून खर्च संपला नाही. धरणाजवळ पंप चालतात, त्यांस वीज लागते आणि दुरुस्तीही लागते.

क्रीडागाराचेही तसेच आहे. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी जाहीर होते. त्यात भांडवली खर्च निराळा आणि महसुली खर्च निराळा दाखवलेला असतो. नव्या मैदानाची घोषणा पहिल्या सदरात सापडेल. रखवालदार, गवत, दिवे आणि दुरुस्ती यांची रक्कम दुसऱ्या सदरात आहे किंवा नाही, आणि त्या वर्षी आपल्या गल्लीच्या गटारास किती तरतूद झाली, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी पालकांसमवेत एकदा अवश्य ताडून पाहावे.