रजा काढूनही न जाणारा थकवा

रविवारी संध्याकाळीच सोमवारच्या धास्तीने पोटात गोळा येतो. डबा अर्धा तसाच घरी परत येतो. ज्या कामाचा एकेकाळी अभिमान होता, त्याचाच वीट येतो. हाच ‘बर्नआउट’. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात जीव ओतून राबणारे स्वयंसेवक असे विझत गेलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी पाहिले, स्वतःही सोसले आणि १९७४ मध्ये त्यावर निबंध लिहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात याची व्याख्या दिली. आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. अंगातले त्राण संपणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि कामाचा उरक घटणे या तिच्या खुणा. मूळ कारण मात्र कामाच्या ठिकाणचा, वेळीच न हाताळलेला, दीर्घकाळचा ताण. म्हणून कर्मचाऱ्याला योगवर्गाला पाठवून कंपनीची जबाबदारी संपत नाही. कामाचा बोजा आणि माणसांची संख्या यांचा मेळ बसवावाच लागतो.

साहेबांकडे जाताना नुसते ‘ताण आहे’ म्हणू नका. हातातल्या कामांची यादी समोर ठेवा आणि विचारा, ‘यातले आधी कोणते करू, मागे कोणते ठेवू?’ रात्री ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा. झोप उडाली असेल, सतत उदास वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटाच. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.