मानेचा होकार

नंदीबैलाला धन्याने काहीही विचारले तरी तो मान डोलावतो आणि भोवतालचे लोक तो होकार समजतात. माणसाच्या मानेविषयीचा आपला समज याहून फारसा निराळा नाही. खालीवर हलली तर होकार, आडवी हलली तर नकार, हा नियम निसर्गानेच घालून दिला आहे असे आपण मानतो. चार्ल्स डार्विनने १८७२ साली त्याचे मूळ तान्ह्या मुलाच्या वर्तनात शोधले. नको असलेल्या घासापासून मूल तोंड बाजूला फिरवते, तोच आद्य नकार. तथापि, ग्रीक व तुर्क मान मागे झटकून नकार देतात, अशी नोंदही त्याच ग्रंथात आहे.

डेस्मंड मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या नकाराची सीमारेषा इटलीत, रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान आढळली. दक्षिणेकडे प्राचीन ग्रीकांच्या वसाहती होत्या. त्या लयाला गेल्या, मानेची सवय मात्र टिकली.

बल्गेरियात तर होकार-नकाराच्या खुणा नेमक्या उलट. १८७७-७८ च्या युद्धात तेथे गेलेल्या रशियन सैनिकांची त्यामुळे पंचाईत झाली. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांच्या मते, स्थानिक पद्धत उचलणे सैनिकांना अवघड नव्हते. समोरचा रशियन स्वतःची खूण वापरतो आहे की आपली, हेच बल्गेरियनांना कळेना. खुणेचे मूल्य चलनी नोटेसारखे असते. ती घेणारा आणि देणारा दोघांनीही तिचा एकच अर्थ मानला पाहिजे.

आपल्याकडे बाजूंना डुलणारी मान कधी 'हो' म्हणते, कधी 'ऐकतो आहे', तर कधी केवळ 'बघू'. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने मान व हावभाव यांद्वारे दिलेला मृत्युपूर्व जबाब ग्राह्य मानला. मात्र तो कोणी नोंदवला, प्रश्न साधे होते की गुंतागुंतीचे आणि खुणा कितपत स्पष्ट होत्या, यांवर त्याचे मोल अवलंबून राहील, असेही बजावले.

न्यायालयात पाळला जाणारा हा विवेक कर्जाच्या कागदावर अंगठा घेणाऱ्या कारकुनाने आणि 'समजले ना?' म्हणून पुढचे पान उलटणाऱ्या शिक्षकाने का पाळू नये? समोरच्याने मान डोलावली, तरी त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. त्याला फार तर दोन मिनिटे अधिक लागतील.